कुत्र्यासाठी मासा: वाटा मीठ-हळद लावण्यापूर्वीच काढावा

मासे खाणाऱ्या घरांत साधारण क्रम असा असतो: मासे येतात, साफ होतात, त्यांना मीठ, हळद आणि आले-लसणाचे वाटण लागते, तुकड्या तळल्या जातात किंवा कालवणात पडतात, आणि सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ताटांतले काटे, डोकी व रश्शाने माखलेला भात कुत्र्यापुढे ठेवला जातो. "आमच्या कुत्र्याला मासे सोसत नाहीत" अशी तक्रार ऐकू येते तेव्हा तिचे मूळ बहुधा याच क्रमात सापडते. कुत्र्याचा वाटा शेवटी ताटातून न काढता सुरुवातीला, मासा धुतल्याबरोबर वेगळा केला, तर मीठ, लसूण, चिंच आणि तेल हे चार धोके एकाच कृतीत टळतात आणि मग काळजी उरते ती प्रामुख्याने ताजेपणाची व काट्यांची. पुढील टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत आणि त्याच क्रमाने पाळावेत.

१. बाजारात जाण्यापूर्वी कुत्र्याचा विचार करावा

निरोगी, प्रौढ आणि पोट ठीक असलेल्या कुत्र्याला शिजवलेला, बिनकाट्याचा मासा चालतो. मात्र ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे, ज्याच्या रक्तातील चरबी वाढलेली आढळली आहे, ज्याला मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, किंवा जो पशुवैद्याने ठरवून दिलेल्या विशेष आहारावर आहे, त्याला विचारल्याशिवाय मासा देऊ नये. त्वचेच्या ॲलर्जीचा शोध घेण्यासाठी कुत्र्याला काही आठवडे ठरावीक आहारावर ठेवले जाते. त्या काळात बांगड्याचा एक घासही सगळी चाचणी वाया घालवू शकतो.

डाल्मेशियन पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या जातीत यूरिक आम्ल पुढे विघटित होण्याच्या क्रियेत आनुवंशिक दोष असतो आणि त्यामुळे लघवीच्या मार्गात खडे होऊ शकतात. तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या माशांत, ज्यापासून शरीरात यूरिक आम्ल तयार होते ते प्युरीन भरपूर असल्याने ते या जातीला टाळणेच योग्य ठरते. आईच्या दुधावरून नुकत्याच अन्नावर आलेल्या पिल्लालाही मासा देण्याची घाई करू नये.

२. मासा निवडणे

निवडीचे निकष दोन: काटे सहज निघावेत आणि मासा आकाराने फार मोठा, शिकारी जातीचा नसावा. समुद्रातील मोठे शिकारी मासे आयुष्यभर लहान मासे खात असल्याने त्यांच्या मांसात पारा साठत जातो. मुशी, म्हणजे शार्क, कुत्र्याच्या आहारात नकोच. मोठ्या सुरमईची आणि कुप्याची तुकडी क्वचित चालेल, पण ती आठवड्याची सवय होऊ देऊ नये.

बांगडा स्वस्त आहे, सर्वत्र मिळतो आणि त्याचा मणका अखंड निघतो, म्हणून नवशिक्यासाठी तो सोयीचा. मात्र त्यात चरबी अधिक असते. रावस आणि पापलेट काट्यांच्या दृष्टीने सोपे, परंतु महाग. गोड्या पाण्यातील माशांपैकी मरळ उत्तम, उजनी व इतर धरणांतून येणारी चिलापीही चालते. रोहू आणि कटला यांच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे विखुरलेले असतात, आणि ते शेपटीकडच्या भागात तर इतके दाट असतात की हे मासे कुत्र्यासाठी निवडूच नयेत असे माझे मत आहे. बोंबलाचे काटे मऊ असले तरी त्यात पाण्याचे प्रमाण फार असते, त्यामुळे तो शिजल्यावर लगदा होतो आणि त्यातून काटे वेचणे कठीण जाते. मांदेली लहान असल्याने तीत वेचण्यासारखे काहीच हाती लागत नाही. कोळंबी द्यायची झाल्यास डोके, कवच आणि पाठीतला काळा धागा काढूनच द्यावी.

शिंगाळा आणि शेंगटी यांच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे कठीण व करवतीसारखे दातेरी असतात. ते टाळूत घुसले तर मागे ओढून निघत नाहीत. हे मासे घरी आले असतील तर त्यांचे कापलेले अवशेषसुद्धा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

इशारा: सुकी मासळी कुत्र्यासाठी नाही. खारवलेल्या बांगड्यातील वा सुरमईतील मीठ रात्रभर भिजवूनही पूर्ण निघत नाही. मीठ न लावता वाळवलेल्या बोंबलातही समुद्राच्या पाण्याचा खारेपणा, वाळू आणि कडक झालेले काटे असतात.

३. ताजेपणा: शिजवल्याने जो दोष जात नाही

येथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. थोडा उतरलेला मासा "कुत्र्याला चालेल" म्हणून स्वस्तात घेतला जातो आणि उकळला की सगळे जंतू मरतात असे मानले जाते. जंतू मरतात हे खरे. परंतु बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो, आणि मासा बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. हे हिस्टामिन एकदा तयार झाले की उकळून, तळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. उलट्या, जुलाब, तोंडावर सूज आणि अंगावर लाली ही त्याची लक्षणे होत. वाईट म्हणजे, बांगड्याला वास येण्यापूर्वीच हिस्टामिन पुरेसे वाढलेले असू शकते.

म्हणून कुत्र्यासाठी वेगळा, हलक्या प्रतीचा मासा घेऊ नये; घरच्यांसाठी घेतला त्यातलाच द्यावा. कल्ला उघडून आतला रंग लाल आहे का पाहावे, डोळा फुगीर व स्वच्छ असावा, पोट बोटाने दाबल्यावर खड्डा राहू नये. विक्रेतीच्या टोपलीत मासा बर्फावर होता की नुसत्या ओल्या गोणपाटावर, हे पाहण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. माझ्या मते भावापेक्षा ते महत्त्वाचे. उन्हाळ्यात घरी पोहोचायला वेळ लागणार असेल तर पिशवीत बर्फ मागून घ्यावा. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात बाजारात गोठवून ठेवलेला समुद्री मासा अधिक येतो, तेव्हा मरळ किंवा चिलापी घेणे अधिक खात्रीचे.

४. साफ करताना वाटा वेगळा काढणे

खवले, पर, आतडी आणि कल्ले काढून मासा वाहत्या पाण्याखाली धुवावा. पोटातील काळसर पातळ पडदा बोटाने खरवडून काढावा. यानंतर लगेच, मिठाच्या बरणीला हात लावण्यापूर्वी, कुत्र्याच्या तुकड्या वेगळ्या झाकणबंद भांड्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. त्यासाठी वेगळे भांडे ठरवून टाकलेले बरे, म्हणजे स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणी मसाला लावण्याचा घोटाळा होत नाही.

मुरवलेली तुकडी धुऊन कुत्र्याला देणे हा या टप्प्यावरचा नेहमीचा चुकीचा मार्ग आहे, आणि तो का चालत नाही हे समजून घ्यायला हवे. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने, वाळवल्याने किंवा पूड केल्याने हा गुण जात नाही. कांद्याच्या बाबतीत कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम एवढे प्रमाण रक्तात बदल घडवण्यास पुरेसे असल्याचे पशुवैद्यक साहित्यात नोंदवलेले आहे, म्हणजे १० किलोच्या कुत्र्यासाठी एक मोठा कांदा. वजनाच्या मानाने लसूण त्याहून तीव्र मानला जातो. एका जेवणात एवढे जात नाही हे मान्य, पण रोजच्या रश्शातून थोडे थोडे जात राहते आणि त्याचा परिणाम साठतो. लक्षणेही काही दिवसांनी दिसत असल्याने त्यांचा संबंध माशाच्या कालवणाशी कोणी जोडत नाही.

दुसरी गोष्ट चिंचेची. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याचे कारण टार्टारिक आम्ल असावे असे पशुवैद्यकातील अलीकडचे मत आहे, आणि तेच आम्ल चिंचेत मुबलक असते. चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाल्याची प्रकरणे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली आहेत. त्यामुळे चिंचेच्या आंबटीतला मासा, तो कितीही पुसून घेतला तरी, कुत्र्याचा नव्हे. कोकम किंवा आगळ घातलेल्या कालवणातही मीठ, तिखट आणि वाटण असतेच.

तपासणी: भांड्यातील तुकडीवर पिवळेपणा दिसतो का? हळद दिसली म्हणजे मीठही लागले आहे असे समजावे आणि ती तुकडी घरच्यांच्या भांड्यात परत टाकावी.

५. शिजवणे

तुकड्या बुडतील एवढे साधे पाणी उकळावे, त्यात तुकड्या सोडाव्यात आणि आच मंद करून झाकण ठेवावे. जाड तुकडीला किंवा अखंड बांगड्याला १० ते १२ मिनिटे पुरतात. मणक्याजवळचे मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले आणि काट्याने ढकलताच पाकळ्यांसारखे सुटू लागले की मासा शिजला. तापमापक असल्यास सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस पाहावे. मोदकपात्रात वाफवूनही चालते. मीठ, तेल, तूप काहीही घालू नये.

कच्चा मासा अधिक नैसर्गिक, हा समज सोडून द्यावा. हेरिंग, अँचोव्ही आणि कार्प या कुळांतील अनेक माशांत थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते; आपली मांदेली अँचोव्ही कुळातली आणि रोहू-कटला कार्प कुळातले. हे विकर जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते. असा कच्चा मासा वारंवार खाणाऱ्या कुत्र्याची आधी भूक मंदावते, पुढे तोल जातो आणि झटकेही येऊ शकतात. नीट शिजवल्यावर विकर निकामी होते. गोठवल्याने मात्र होत नाही. फ्रीजरमधील थंडीने परजीवी मरू शकतात, परंतु त्यासाठी उणे २० अंशांवर सात दिवस लागतात आणि घरच्या फ्रीजरचा पारा बहुधा तेवढा खाली उतरत नाही.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, म्हणजे वॉशिंग्टन, ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्निया या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा नियम जिवावरचा आहे. तेथील नद्यांतून वर येणाऱ्या सॅमन व ट्राउट माशांत एक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीत कुत्र्याला गंभीर आजार करणारा सूक्ष्मजीव असतो. कच्चा मासा खाल्ल्यानंतर साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब आणि सुजलेल्या गाठी दिसतात, आणि उपचार न झाल्यास बहुतेक कुत्री दगावतात. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. नदीकाठी फिरताना पडलेला मासा कुत्र्याला हुंगूही देऊ नये, पट्टा आखडून घ्यावा.

६. काटे काढणे

या टप्प्याला घाई अजिबात चालत नाही. मासा पाण्यातून काढून कोमट होऊ द्यावा. फार गरम असताना बोटांना काटा जाणवत नाही आणि पूर्ण थंड झाल्यावर मांस काट्याला चिकटून तुटते.

बांगडा असेल तर डोके आणि शेपटी काढून टाकावी. पाठीच्या रेषेवर बोट फिरवून मासा दोन भागांत उघडावा आणि मणका शेपटीकडून डोक्याकडे सावकाश उचलावा. तो अखंड आला तर त्याच्यासोबत बहुतेक काटे येतात. येत नाहीत ते दोन ठिकाणचे: पोटाच्या बाजूला असलेले बरगड्यांचे बारीक काटे, आणि पाठीवरच्या व पोटावरच्या परांच्या मुळाशी राहणारी काट्यांची छोटी रांग. पोटाची पातळ पट्टी आणि परांच्या मुळाचा भाग मांसासह सरळ कापून टाकावा. त्यात थोडा मासा वाया जातो, जाऊ द्यावा.

उरलेले मांस स्टीलच्या ताटात पातळ पसरावे आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत थोडे थोडे घेऊन कुसकरावे. ताट उजेडाकडे तिरके धरले की काटा चमकतो. एक फेरी झाल्यावर हात धुऊन दुसरी फेरी करावी, कारण पहिल्या फेरीत बोटांना चिकटलेला काटाच पुन्हा ताटात पडतो.

मिक्सरमध्ये काट्यांसह मासा फिरवणे ही वेळ वाचवण्याची युक्ती वाटते, परंतु पाती काट्यांचे पीठ करत नाहीत, टोकदार तुकडे करतात, आणि ते मांसात लपल्याने पुढे वेचताही येत नाहीत.

कुकरचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. दोन-तीन शिट्ट्यांत मासा शिजतो, काटा मऊ होत नाही. लहान तारलीचे काटे मऊ व्हायला पुरेसे पाणी घालून मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास दाब टिकवावा लागतो. त्यानंतरही मणक्याचा सर्वांत जाड भाग चिमटीत दाबून पाहावा. त्याचा ओला पिठासारखा चुरा झाला तरच मासा काट्यांसह द्यावा, टोचले किंवा कट्कन मोडले तर द्यायचा नाही. बांगड्यापासून पुढच्या आकाराच्या कोणत्याही माशासाठी या उपायावर विसंबू नये.

तपासणी: वाडग्यात घालण्यापूर्वी शेवटची चिमूट घरातील दुसऱ्या व्यक्तीने चाचपून पाहावी. सहा महिन्यांच्या बाळाला आपण हा घास देऊ का, असे स्वतःला विचारले तर हात आपोआप सावध होतो.

७. प्रमाण

वरचा खाऊ म्हणून दिलेल्या सर्व पदार्थांतून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो: ५ किलो वजनाला शिजवलेला बिनकाट्याचा मासा २० ते ३० ग्रॅम, १० किलोला ३० ते ५० ग्रॅम, २५ किलोच्या लॅब्रेडॉरला ६० ते १०० ग्रॅम. बांगडा-तारलीसारख्या चरबीयुक्त माशाला खालचा आकडा धरावा, चिलापी-मरळ-पापलेटला वरचा. त्या दिवशी इतर खाऊ देऊ नये आणि नेहमीचे अन्न तेवढ्याच उष्मांकांनी कमी करावे. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे.

रोज मासे-भात हे कुत्र्याचे पूर्ण अन्न नव्हे. काटे काढलेल्या माशात आणि भातात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि वाढत्या पिल्लाच्या हाडांवर त्याचा परिणाम लवकर दिसतो. घरच्याच अन्नावर कुत्रा ठेवायचा असेल तर आहाराचा आराखडा पशुवैद्याकडून करून घ्यावा. माशाऐवजी कॉड लिव्हर ऑइल अंदाजाने पाजू नये. त्यात जीवनसत्त्व अ आणि ड असते आणि दोन्ही अतिरेकाने अपाय करतात.

डबाबंद मासा घेताना तो साध्या पाण्यातला आणि मीठ न घातलेला असावा. टोमॅटो-मिरचीच्या सॉसमधील तारली घरच्यांनीच खावी.

८. पहिली वेळ

पहिल्या दिवशी मटाराएवढे दोन-तीन तुकडे नेहमीच्या अन्नात मिसळून द्यावेत आणि पुढचे तीन दिवस दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. शौच सैल होते का, कान खाजवतो का, पंजे चाटत बसतो का, हे पाहावे. काहीही न झाल्यास पुढील वेळी ठरलेल्या प्रमाणाच्या निम्मे, आणि नंतर पूर्ण. मासा सुट्टीच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी द्यावा. रात्री उशिरा दिला आणि त्रास झाला तर दवाखाना उघडा सापडत नाही.

९. उरलेला मासा आणि कचऱ्याचा डबा

शिजवलेला मासा दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये जावा आणि दोन दिवसांत संपावा. अधिक असल्यास एकेका वेळेचे भाग करून गोठवावेत आणि आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावेत. वाडग्यात राहिलेला मासा अर्ध्या तासाने उचलावा.

इतकी काळजी घेतल्यावर अपघात घडतो तो डब्यात. काढलेला मणका, डोकी आणि आतडी यांचा वास कुत्र्याला वाडग्यापेक्षा जास्त ओढतो. हे सर्व पिशवीत बांधून, कचरा नेण्याच्या वेळेपर्यंत फ्रीजरमध्ये किंवा झडप लागणाऱ्या डब्यात उंचावर ठेवावे.

इशारा: किनाऱ्यावर फिरायला नेलेल्या कुत्र्याला वाळूतील मासे उचलू देऊ नयेत. जाळ्यातून फेकून दिलेल्या केंड माशातील विष शिजवूनही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. मेलेल्या माशाच्या तोंडात गळही असू शकतो.

१०. काटा अडकला किंवा मसालेदार मासा खाल्ला तर

पंजाने तोंड घासणे, लाळ गळणे, वारंवार गिळल्यासारखे करणे, घशाशी उबळ येणे ही काटा अडकल्याची लक्षणे होत. जबडा उघडून, काटा समोर आणि सैल दिसत असेल तरच तो चिमट्याने काढावा. घशात खोल असेल तर ओढू नये. आपण माणसांना देतो तसा कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे कुत्र्याला कोंबणे धोक्याचे आहे, कारण त्याने काटा अधिक आत रुततो आणि भूल देऊन तपासणी करायची असल्यास भरलेले पोट अडचण करते. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. वर येताना काटा पुन्हा फाडतो आणि मिठाचा स्वतंत्र धोका असतो. काटा गिळला गेला असे वाटत असेल तर पुढील दोन-तीन दिवस पोट दुखणे, उलटी, काळे शौच किंवा जेवण नाकारणे यांवर लक्ष ठेवावे आणि यांपैकी एकही दिसल्यास थांबू नये.

कालवण खाल्ले असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. कुत्र्याचे वजन, किती वाजता खाल्ले, अंदाजे किती खाल्ले, त्यात कांदा, लसूण व चिंच किती होती, आणि मासा काट्यांसह होता का, एवढी माहिती तयार ठेवावी. पुढचा आठवडाभर हिरड्यांचा रंग रोज पाहावा. त्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद तपकिरी दिसली तर रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. चिंच गेली असेल तर मूत्रपिंडाची तपासणीही सांगून करवून घ्यावी आणि कुत्रा किती पाणी पितो व किती वेळा लघवी करतो याची नोंद ठेवावी.